अंदाजपंचे दाहोदरसे

(राळेगाव येथे गुरुजींच्या स्मृतीप्रीत्यर्थ भरणाऱ्या व्याख्यानमालेतील व्याख्यान)



मला बोलावताना संयोजकांनी विषय सुचवला होता, ‘स्पर्धा परीक्षा : यशाचा राजमार्ग’. मी म्हटलं, राजमार्ग मला ठाऊक नाही, वडकीचा फाटा ठाऊक आहे. तेव्हा चार पर्यायांपैकी एक गोळा कसा निवडायचा, तेवढ्यापुरतंच बोलतो. तलाठी, पोलीस, एमपीएससी, नीट, सीईटी, आणि लेकरांची नवोदय न् शिष्यवृत्ती, या सगळ्यांच्या मुळाशी तोच एक गोळा आहे.

ज्यांच्या स्मरणार्थ आपण जमलो आहोत त्या गुरुजींनी मला पाढे शिकवले. त्यांच्या वर्गात बावीसचा पाढा म्हणताना एक ओळ यायची, ‘बावीस पंचे दाहोदरसे’. दाहोदरसे म्हणजे दशोत्तर शत, एकशेदहा. एखादा पोरगा अडला आणि तोंडाला येईल तो आकडा फेकू लागला की गुरुजी म्हणायचे, ‘अंदाजपंचे दाहोदरसे!’ पुढं हा वाक्प्रचार मी शेकडो वेळा ऐकला, पण त्यातली गंमत फार उशिरा लक्षात आली. उत्तर एकशेदहा हे ठरलेलंच आहे, पंचेही ठरलेलं आहे. फक्त बावीसच्या जागी अंदाज बसवला आहे. म्हणजे हा अगदीच आंधळा अंदाज नाही. तिनातल्या दोन गोष्टी माहीत असलेल्या माणसाचा अंदाज आहे. वस्तुनिष्ठ परीक्षेत आपण बहुतेक वेळ याच अवस्थेत असतो, आणि आज मला बोलायचं आहे ते याच अवस्थेबद्दल. पूर्ण येतं त्याला युक्ती लागत नाही. अजिबात येत नाही त्याला युक्ती फारशी वाचवत नाही. मधल्या अर्धवट माहितीचं काय करायचं, हे मात्र शिकता येतं.

आधी हा गोळा आला कुठून ते थोडक्यात सांगतो, कारण ती गोष्ट मला आवडते. चार पर्यायांतून एक निवडायची पद्धत अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यात फ्रेडरिक केली नावाच्या शिक्षणतज्ज्ञानं १९१४-१५च्या सुमारास मुलांच्या वाचनाच्या चाचणीसाठी वापरात आणली. तपासणाऱ्यागणिक गुण बदलू नयेत, एवढाच हेतू होता. मग पहिलं महायुद्ध आलं, लाखो रंगरूट तपासायचे होते, आणि ही पद्धत सैन्यानं उचलली. पण कागद तपासायचे माणसांनीच. यंत्र आलं ते मिशिगनमधल्या रेनॉल्ड जॉन्सन नावाच्या एका शाळामास्तरामुळे. हा गृहस्थ पोरवयात खोडकर. बहिणीला भेटायला येणाऱ्या पोरांच्या मोटारींच्या स्पार्क प्लगवर तो पेन्सिलीच्या रेघा मारून ठेवायचा. पेन्सिलीच्या शिशातून वीज वाहते, त्यामुळे ठिणगी पडायचीच नाही आणि गाडी जागची हलायची नाही. मोठेपणी त्याला तेच आठवलं. कागदावर पेन्सिलीनं केलेल्या खुणेतून वीज जाते की नाही हे बघून गुण मोजणारं यंत्र त्यानं बनवलं, आयबीएम कंपनीनं ते घेतलं आणि १९३८ साली बाजारात आणलं. तुमची ओएमआर उत्तरपत्रिका त्या यंत्राची नात आहे. आता वीज जात नाही, प्रकाश पडतो. पेन्सिल गेली, बॉलपेन आलं. पेन्सिल गेली याचा तुमच्या गुणांशी संबंध आहे, त्यावर नंतर येतो.

आता हिशेब. हा भाग वहीत लिहून घ्या.

एमपीएससीच्या राज्यसेवा पूर्वपरीक्षेच्या पहिल्या पेपरात १०० प्रश्न, २०० गुण, दोन तास. एका चुकीला एका प्रश्नाच्या गुणांपैकी एक चतुर्थांश कापतात. पूर्वी एक तृतीयांश कापत. हा फरक किरकोळ वाटतो, पण धरा की तुम्ही वीस प्रश्न डोळे मिटून सोडवले. चार पर्याय, म्हणून सरासरीनं पाच बरोबर येतील, पंधरा चुकतील. जुन्या नियमानं पंधराचे एक तृतीयांश म्हणजे पाच कापले, हातात शून्य. नव्या नियमानं पावणेचार कापले, सव्वा प्रश्न उरला, अडीच गुण. आता तेच वीस प्रश्न, पण प्रत्येकातले दोन पर्याय तुम्ही कारणासह बाद केलेत आणि उरलेल्या दोनांत गोंधळ आहे. दहा बरोबर, दहा चूक. दहातून अडीच गेले, साडेसात प्रश्न, म्हणजे पंधरा गुण. अडीच आणि पंधरा यांच्यात जी दरी आहे, त्या दरीत या तालुक्यातली किती पोरं पडली आहेत ते मी बघितलं आहे. अर्ध्या गुणानं, पाऊण गुणानं कट-ऑफ हुकतो आणि ‘दोनांत गोंधळ होता म्हणून सोडून दिले’ असं म्हणत परत येतात. दोन पर्याय बाद झाले की प्रश्न सोडायचा नाही. एक बाद झाला तरीसुद्धा गणित तुमच्याच बाजूनं आहे.

केंद्राच्या यूपीएससीत अजून एक तृतीयांश कापतात, तिथं आंधळा अंदाज शून्यावरच राहतो. नीटमध्ये १८० प्रश्न, बरोबरला चार, चुकीला एक वजा. ७२० गुणांच्या त्या परीक्षेत वीस आंधळ्या अंदाजांतून सरासरी पाच गुण निघतील, आणि पाच गुणांनी तिथं हजारो पोरं मागंपुढं होतात.

आणि मग त्या परीक्षा, ज्यांत चुकीला काहीच कापत नाहीत. पोलीस शिपाई भरतीची लेखी, शिष्यवृत्ती, नवोदय, एमएचटी-सीईटी. २०२३ची तलाठी भरतीही तशीच होती. इथं कोरा गोळा म्हणजे फुकट दिलेला गुण. हे सांगायची गरज काय, असं वाटेल. गरज आहे. जो पोरगा तीन वर्षं एमपीएससीचा अभ्यास करून मग पोलीस भरतीला बसतो, त्याच्या हाताला सोडायची सवय लागलेली असते. आमच्या अभ्यासिकेतल्या एकानं ‘रिस्क नको’ म्हणून सात प्रश्न कोरे ठेवले होते. मी म्हटलं, अरे, कोणती रिस्क? तो बराच वेळ माझ्याकडं बघत बसला. पेपर सोडवायला घेण्याआधी पुस्तिकेवरच्या सूचना वाचायच्या त्या एवढ्यासाठीच. आठवीच्या शिष्यवृत्तीत तर आणखी एक मेख असायची : वीस टक्क्यांपर्यंत प्रश्नांना दोन अचूक पर्याय असू शकत आणि दोन्ही रंगवावे लागत. एक रंगवून खुशीत घरी आलेली लेकरं मी पाहिली आहेत.

आता तुम्ही म्हणाल, गणित इतकं सरळ आहे तर सगळेच गोळे भरून मोकळे होऊ. इथं थांबा. ‘चारातला एक बरोबर येतो’ हे नाणेफेकीत खरं. प्रश्न काढणारा माणूस नाणं फेकत नाही. मी स्वतः शाळेच्या सराव परीक्षांसाठी प्रश्न काढले आहेत, त्यामुळे चुकीचे पर्याय कसे जमवतात ते सांगू शकतो. पोरांचा आवडता प्रश्न घ्या : १ ते १०० पर्यंत संख्या लिहिताना ९ हा अंक किती वेळा येतो? पर्याय १०, ११, १९ आणि २०. बरोबर उत्तर २०. आता उरलेले तीन बघा. दहा कुणाचं उत्तर? जो ९, १९, २९ असं मोजत ९९ पर्यंत जातो आणि थांबतो त्याचं. अकरा कुणाचं? ज्याला शेवटी नव्वद आठवलं, पण नव्वदीतल्या बाकीच्या संख्या डोक्यात आल्या नाहीत त्याचं. आणि एकोणीस? तो पोरगा सगळ्यात हुशार, नव्वदीही त्यानं मोजली, पण त्यानं अंकांऐवजी संख्या मोजल्या. नव्याण्णवमध्ये दोन नऊ आहेत हे त्याच्या नजरेतून सुटलं. म्हणजे प्रत्येक चुकीच्या उत्तराला आईबाप असतात. त्या उत्तरानं वाट बघत उभं राहायचं आणि तुम्ही अर्ध्या रस्त्यात दमलात की तुम्हाला मांडीवर घ्यायचं. म्हणून अशा प्रश्नात अर्धवट गणित करून गोळा भरणाऱ्याचा नेम चारात एक असाही लागत नाही, त्याहून कमी लागतो. नाणं फेकणारा बरा.

गेल्या पावसाळ्यात एका पोरानं मला विचारलं होतं, ‘सर, दोन ऑप्शन उरले का मी नेमका चुकतोच. असं कायले होते बाप्पा?’ त्याचं अर्धं उत्तर हे आहे. शेवटी उरतात ते दोन पर्याय म्हणजे खरं उत्तर आणि त्याचं सगळ्यात मेहनतीनं घडवलेलं जुळं भावंड. उरलेलं अर्धं उत्तर असं, की तो नेमका चुकतच नव्हता. आम्ही मोजलं.

कसं मोजलं ते सांगतो, कारण आजच्या व्याख्यानातून एकच गोष्ट घरी न्यायची असेल तर ही न्या. सराव पेपर सोडवताना प्रत्येक उत्तराशेजारी खूण करायची. पक्कं माहीत असेल तर टिंब. दोनांत गोंधळ असेल तर २. तिनांत असेल तर ३. काहीच नाही तर फुली. पेपर तपासताना नुसते एकूण गुण मोजायचे नाहीत. प्रत्येक खुणेचा वेगळा हिशेब काढायचा. टिंबवाले किती बरोबर, दोनवाले किती, फुलीवाले किती. जिनिंगवर कापसाच्या गाडीचा काटा करतो, तसा हा स्वतःच्या अंदाजाचा काटा. पाच-सहा पेपर झाले की तुमचा नेम तुम्हाला कळतो. या पोराचे ‘दोनवाले’ निम्म्याहून थोडे जास्तच बरोबर निघत होते, त्याला फक्त चुकलेले आठवत होते. त्याचा खरा तोटा भलत्याच ठिकाणी होता. टिंबवाल्या पन्नास उत्तरांत अकरा चुका. ज्यांच्याबद्दल त्याला शंकाच नव्हती, तिथं! पुढचा महिनाभर त्यानं नवीन पुस्तकाला हात लावला नाही, त्या टिंबांच्याच मागे लागला. त्यातल्या निम्म्या चुका माहितीच्या नव्हत्याच. प्रश्नात ‘अयोग्य विधान ओळखा’ असं होतं आणि यानं योग्य विधान ओळखलं होतं.

‘अयोग्य’, ‘चुकीचे’, ‘नाही’, ‘वगळता’ हे शब्द दिसले की त्यांच्याभोवती गोल करायचा. इतकं साधं आहे, म्हणून कुणी करत नाही.

आता एक प्रश्न आपण इथंच सोडवू. मी मुद्दाम आपल्याच पाण्याचा काढला आहे. पुढीलपैकी कोणती विधाने बरोबर आहेत? अ : वर्धा नदी यवतमाळ आणि वर्धा या जिल्ह्यांच्या सीमेवरून वाहते. ब : पैनगंगा वर्धा नदीला मिळते. क : टिपेश्वर अभयारण्य यवतमाळ जिल्ह्यात आहे. ड : वर्धा नदीचा उगम महाराष्ट्रात होतो. पर्याय असे : पहिला, अ, ब आणि क. दुसरा, अ, ब आणि ड. तिसरा, फक्त अ आणि क. चौथा, वरील सर्व.

बहुतेक पोरं ‘अ’ वाचतात, मग ‘ब’पाशी अडतात आणि तिथंच एक मिनिट घालवतात. अडायचं नाही, पुढं जायचं. वडकीहून हिंगणघाटकडं जाताना पुलावरून जी नदी दिसते ती वर्धा, म्हणजे ‘अ’ झालं. टिपेश्वर पांढरकवड्याकडं, आपलंच. ‘क’ झालं. दुसऱ्या पर्यायात ‘क’ नाही, तो गेला. आता ‘ड’. नागपूरहून रेल्वेनं इटारसीकडं गेलेल्या कुणी मुलताई स्टेशन पाहिलं असेल. वर्धा तिकडं, मध्य प्रदेशातल्या बैतूल जिल्ह्यात उगम पावते. ‘ड’ चूक, म्हणून चौथा गेला. आता पहिला आणि तिसरा उरले आणि सगळा प्रश्न ‘ब’वर येऊन ठेपला. पैनगंगा वर्धेला मिळते की नाही? वणीकडचं कुणी इथं असेल तर हात वर करेल. मिळते. पहिला पर्याय. समजा तुम्हाला ते माहीत नव्हतं, तरी तुम्ही दोनांवर आला होता, आणि दोनांवर आल्यावर काय करायचं ते मघाशी हिशेबात पाहिलं. चारही विधानं येणं गरजेचं नव्हतं. विधानांच्या प्रश्नात सुरुवात ‘अ’पासून करायची नसते, तुम्हाला सगळ्यात पक्कं असेल त्या विधानापासून करायची असते.

क्लासवाले आणखी काही युक्त्या शिकवतात. ‘फक्त’, ‘सर्वच’, ‘कधीही नाही’ असे टोकाचे शब्द असलेलं विधान बहुधा चूक असतं. लांबलचक पर्याय बहुधा बरोबर असतो. शंका आली तर ‘क’ मारा. यात थोडं तथ्य एके काळी होतं. परीक्षा घडवणारे बरोबर उत्तर मधल्या जागांवर लपवतात आणि देणारेही मधल्याच जागांवर शोधतात, असं दोघा संशोधकांनी २००३ साली दाखवलं होतं. पण आता एकाच पेपरचे चार संच निघतात, आणि प्रश्न काढणाऱ्यांनीही तेच क्लास बघितलेले असतात. काहीच हाताशी नसेल तेव्हा वापरा. त्यावर पोट भरणार नाही. त्यापेक्षा राज्यसेवेचा पेपर मराठी आणि इंग्रजी दोन्हींत छापलेला असतो याचा फायदा घ्या. मराठी शब्द डोक्यावरून गेला की खालचं इंग्रजी बघा. पुष्कळदा गाठ तिथंच सुटते.

इथं थोडं आडवळणानं बोलतो. आपल्या तालुक्यात गोंड आणि कोलाम वस्त्या आहेत. कोलामांच्या घरी कोलामी बोलतात. वऱ्हाडी ही त्यांची दुसरी भाषा आणि पेपरातली प्रमाण मराठी तिसरी. पोलीस भरतीत मराठी व्याकरणाचे प्रश्न असतात. पुण्याच्या पोराला जे कानानं येतं ते कोलाम पोरीला नियमानं पाठ करावं लागतं. वस्तुनिष्ठ परीक्षा तपासणाऱ्याचा पक्षपात घालवते हे खरं, पण हा दुसरा फरक तिला दिसत नाही. अशा पोरीला मी सांगतो, बाई, व्याकरणावर दुप्पट वेळ दे, त्यात लाजण्यासारखं काही नाही. तुला एक भाषा जास्त येते म्हणून हा वेळ लागतो आहे.

आता वेळेचं. राज्यसेवेच्या पहिल्या पेपरात दोन तासांत शंभर प्रश्न, म्हणजे प्रश्नामागं ७२ सेकंद. पोलीस भरतीत दीड तासात शंभर, ५४ सेकंद. एमपीएससीच्या संयुक्त पूर्वपरीक्षेत एका तासात शंभर, ३६ सेकंद! त्यातून गोळा रंगवायला पाच सेकंद धरा, शंभर गोळ्यांची आठ मिनिटं नुसती रंगकामात गेली. हे रंगकाम कुणी घड्याळात धरत नाही. तेव्हा पेपर सलग सोडवायचा नाही, कापसासारखा वेचायचा. पऱ्हाटीत शिरलेली बाई काय करते? उमललेली बोंडं घेते, हिरव्याला हात लावत नाही, ओळ संपवते. पहिला वेचा म्हणजे डोळा पडताच येणारे प्रश्न; निम्मा वेळ त्याला. दुसरा वेचा म्हणजे एक-दोन पर्याय बाद होऊन अडलेले. बुद्धी खर्च करायची ती इथं. तिसऱ्याला फार वेळ उरत नाही, उरलाच तर वाचायला लांबलचक पण सोपे निघतील असे प्रश्न घ्यायचे.

आणि फरदड घ्यायची नाही. मोठ्या मंडळींना सांगायला नको. हंगाम संपल्यावर पाणी देऊन पऱ्हाटी उभी ठेवली की दोन-चार क्विंटल जास्त मिळतात, पण गुलाबी बोंडअळीला शेतात घर मिळतं. २०१७ साली या जिल्ह्यानं त्या अळीचा आणि फवारणीच्या विषबाधेचा, दोन्हींचा फटका खाल्ला. पेपरातली फरदड म्हणजे शेवटच्या पाच मिनिटांत ‘अजून तीन होतील’ म्हणून उघडलेलं नवीन गणित. ते तीन होत नाहीत, आणि ज्या पाच मिनिटांत गोळे जुळवायचे होते ती जातात.

गोळे जुळवण्याबद्दल मी अधिकारानं बोलू शकतो. बावीस-तेवीस वर्षांचा असताना मी लिपिक पदाच्या एका परीक्षेला बसलो होतो. एक प्रश्न सोडला, पण उत्तरपत्रिकेत त्याची ओळ सोडली नाही. बेचाळीसचं उत्तर एक्केचाळीसच्या ओळीत गेलं, त्रेचाळीसचं बेचाळीसच्या. हे माझ्या लक्षात आलं तेव्हा मी अठ्ठ्याहत्तरव्या प्रश्नावर होतो. सदतीस गोळे, सगळे शाईचे. पर्यवेक्षकांना विचारलं तर ते म्हणाले, शाईनं भरलेलं आता भरलेलं. त्यांचं बरोबरच होतं. बाहेर आलो तर वडील सायकल धरून उभे होते. पेपर कसा गेला विचारलं. मी म्हटलं, चांगला गेला. आणि खरंच चांगला गेला होता, फक्त एक ओळ वर गेला होता. तेव्हापासून माझा नियम : दर पाच प्रश्नांनंतर प्रश्नाचा क्रमांक आणि ओळीचा क्रमांक बोट ठेवून जुळवायचा. चारचौघांत हसू येतं, येऊ द्या.

आता पेन्सिलीकडं येतो. ‘पहिलं मनात आलेलं उत्तर बदलू नये’ असं आपल्याकडं सगळेच सांगतात, गुरुजीही सांगायचे. गुरुजींची क्षमा मागून सांगतो, हे बरोबर नाही. अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठात दीड हजारांहून जास्त विद्यार्थ्यांच्या उत्तरपत्रिकांवरचं खोडकाम मोजलं गेलं. तो अभ्यास २००५ साली छापून आला. बदललेल्या उत्तरांपैकी ५१ टक्के चुकीवरून बरोबरवर गेली होती, बरोबरवरून चुकीवर गेलेली फक्त २५ टक्के. उरलेली एका चुकीवरून दुसऱ्या चुकीवर. म्हणजे बदलण्यात फायदा दुप्पट होता. मग सगळ्यांना उलटं का वाटतं? हातातला घास गेला की तो वर्षभर आठवतो. बदलून मिळालेला गुण कुणाच्या लक्षातही राहत नाही. त्या मुलांच्या हातात पेन्सिल होती, तुमच्या हातात बॉलपेन आहे. म्हणून तुम्हाला बदलायची मुभा फक्त गोळा भरण्याआधी. त्यासाठी एक उपाय आहे. पुस्तिकेवरच्या सूचनांत बसत असेल तर ‘दोनवाल्या’ प्रश्नाशेजारी हलकी खूण करून पुढं जायचं, पान संपलं की त्या पानाचे पक्के गोळे भरायचे, आणि खूण केलेल्यांवर दुसऱ्या वेच्यात परत यायचं. परत आल्यावर नवीन कारण सापडलं तर बेधडक बदला. नुसती धाकधूक झाली म्हणून बदलू नका. धाकधूक हे कारण होत नाही.

अभ्यासाबद्दल थोडंच बोलतो, कारण तो तुमच्या घरचा विषय आहे. अभ्यासिकेत मी पोरं बघतो. हातात पिवळा मार्कर, पान सगळं पिवळं. चौथ्यांदा वाचतात आणि मान हलवतात, आलं म्हणून. वाचताना ओळखीचं वाटणं आणि पेपरात आठवणं या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. रोडिगर आणि कार्पिक या दोघा मानसशास्त्रज्ञांनी २००६ साली एक प्रयोग केला. एका गटानं उतारा पुन्हा वाचला, दुसऱ्यानं पुस्तक मिटून आठवेल ते लिहिलं. पाच मिनिटांनी विचारलं तेव्हा पुन्हा वाचणारे पुढं होते, ८१ टक्के विरुद्ध ७५. आठवड्यानं विचारलं तेव्हा पारडं फिरलं : वाचणारे ४२, लिहून बघणारे ५६. आपल्या बायका रात्री हिशेब तोंडी लावतात, दिवसभरात काय आणलं, कुणाला किती दिले. तसं करा. दिवा मालवल्यावर अंधारात आजचं पान आठवून बघा. अडेल तिथं सकाळी पुस्तक उघडा.

पेपर झाल्यानंतरचंही एक सांगून ठेवतो. उत्तरपत्रिकेची कार्बन प्रत मिळाली तर जपून ठेवा. पहिली उत्तरतालिका येते, तिच्यावर हरकती घेता येतात, मग अंतिम तालिका येते. प्रश्न काढणारेही चुकतात. २०२४च्या नीटमध्ये भौतिकशास्त्राच्या एका प्रश्नाची दोन उत्तरं बरोबर धरली होती. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं, दिल्लीच्या आयआयटीकडून मत मागवलं गेलं, एकच पर्याय बरोबर ठरला आणि पैकीच्या पैकी गुणवाल्यांची यादी सतरावर आली. तलाठी भरतीत वेगवेगळ्या सत्रांचे गुण समान पातळीवर आणणाऱ्या सूत्रानं एकाला दोनशेपैकी २१४ गुण पडल्याचं तुम्ही वाचलं असेलच. त्या सूत्राशी झगडण्याची युक्ती माझ्याकडं नाही, आणि कुणी विकत असेल तर घेऊ नका.

राज्यसेवेची मुख्य परीक्षा २०२५पासून वर्णनात्मक झाली आहे. त्यावरून पुण्यात पोरं रस्त्यावर बसली होती. त्यांचा राग मला कळतो. दहा वर्षं गोळ्यांचा सराव केला आणि आता लिहा म्हणतात. पण पूर्वपरीक्षेचं फाटक अजून गोळ्यांचंच आहे, ते ओलांडल्याशिवाय लिहायची वेळच येत नाही.

मी येताना तीस प्रश्नांचा एक कागद छापून आणला आहे, मागच्या टेबलावर गठ्ठा ठेवलाय. उत्तरं त्यावर नाहीत. घरी न्या, अर्ध्या तासाच्या आत सोडवा, प्रत्येक उत्तराशेजारी टिंब, २, ३ किंवा फुली करा. मोबाईल दुसऱ्या खोलीत. रविवारी सकाळी मी अभ्यासिकेत असतो, तेव्हा आपण काटा करू. आणि कागदावर नाव लिहायला विसरू नका. मागच्या वेळी अकरा कागद बिननावाचे आले होते.